अकरा वेढे जास्त

साहेबांची चारचौघांत फजिती करायची असं मी ठरवलं तेव्हा मला बावन्नावं लागलं होतं. या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, नातवंडांचे लाड करतात, देवाला जातात. मी डाव धरून बसले होते. त्याची मला आजही लाज वाटत नाही, म्हणून सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते आहे.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय भांडण कळायचं नाही. मी वाइंडर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. डीपीवरचे मोठे नव्हेत. सुपारीएवढे, टेलिफोनच्या यंत्रात बसणारे. प्लास्टिकच्या छोट्या रिळावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची. जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर वेढे एकमेकांवर चढतात. वेढे मोजायला शेजारी काउंटर असतो, पण मुरलेल्या वाइंडरला त्याच्याकडे बघावं लागत नाही. बोटांनाच कळतं. आमच्या खात्यात सगळ्या बायकाच होत्या. पुरुषांची बोटं या कामाला जाड पडतात असं म्हणायचे. खरं कारण असं की पुरुषांना आठ तास एका जागी गप्प बसवत नाही.

कारखान्यानं ते खातं बंद केलं तेव्हा हँडलचं एक जुनं यंत्र भंगारात निघालं, ते मी पडेगावला घरी आणलं. कशाला आणलं ते मलाही सांगता आलं नसतं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, आता याच्यावर शेवया करणार का. वर्षभर ते कपाटाखाली पडून होतं.

साहेब त्याच कारखान्यात विक्रीला होते. टाय लावून पुण्या-मुंबईला जायचे, तोंडात साखर आणि हातात सॅम्पलची बॅग. कारखाना सोडल्यावर त्यांनी चिकलठाण्याच्याच जुन्या वसाहतीत पत्र्याची एक शेड घेतली आणि संगीताची यंत्रं करायला सुरुवात केली. मला निरोप आला, यंत्र घेऊन या. मी गेले.

ती यंत्रं म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर. लोखंडी चौकटीत ओळीनं बसवलेले डबे आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत वायरींचा गुंता. एक डबा सूर काढतो, दुसरा त्याला बारीक-मोठा करतो, तिसरा त्याचा गळा दाबतो. कुठली वायर कुठं खोचायची ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर टेलिफोन एक्सचेंज आहे, यात गाणं कुठलं?

आम्ही त्यातला एकच डबा करायचो, रिंग मॉड्युलेटर. त्यात दोन आवाज सोडायचे. एक बाहेरचा, म्हणजे पेटीचा, गळ्याचा, कशाचाही. दुसरा यंत्राचा एकसारखा सूर. बाहेर पडताना या दोन्हींपैकी एकही ऐकू यायला नको. त्यांची बेरीज आणि वजाबाकी तेवढी यायला हवी. म्हणजे पेटी वाजवावी आणि तडा गेलेली घंटा ऐकू यावी. आमच्या स्वयंपाकघरात पितळी परात फरशीवर पडली की तिचा जो शेवटचा थरथरता आवाज असतो, तो सुरात आला तर कसा येईल, तसं काहीसं. पहिल्या दिवशी त्यानं माझं कपाळ चढलं. महिन्याभरात त्याची सवय झाली, आणि वर्षभरात मी त्याच्यातलं चांगलं-वाईट ओळखायला लागले.

या डब्याच्या पोटात चार डायोड आणि दोन ट्रान्सफॉर्मर असतात. नकाशा जुन्या पुस्तकातला, कुणीही उतरवून घ्यावा. सगळी मेख ट्रान्सफॉर्मरमध्ये. त्यातल्या एका गुंडाळीचे दोन अर्धे असतात आणि ते दोन्ही जुळ्यांसारखे लागतात. जुळे असले की यंत्राचा सूर आतल्या आत मरतो. पेटी थांबली की डबाही गप्प. एक अर्धा जरा जड झाला की तो सूर गळायला लागतो आणि शिट्टी वाजत राहते. मी दोन तारा जोडीनं एकदमच गुंडाळायचे. दोघी सोबत निघाल्या, सोबत फिरल्या, सोबत थांबल्या, म्हणजे फरक पडायचा प्रश्नच नाही. हे साहेबांना पुस्तकानं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं.

शनिवारी आमच्याकडे ऐकायचं काम असे. साहेब कुठून कुठून दुसऱ्यांचे रिंग मॉड्युलेटर मिळवून आणायचे आणि आमच्याशेजारी ठेवून वाजवायचे. त्यासाठी खुलताबादहून चाचा यायचे. ते दर्ग्यात कव्वालीला पेटी धरायचे आणि लग्नसराईत कीबोर्ड वाजवायचे. स्कूटरवर पुढं पेटी, हँडलला सीताफळांची पिशवी. दोन तास तीच एक सुरावट, कधी या डब्यातून, कधी त्या. कूलर बंद करावा लागायचा, आणि विमान डोक्यावरून गेलं की ते पार जाईपर्यंत सगळे हात मांडीवर ठेवून बसायचे. ट्रान्सफॉर्मरऐवजी चिप घातलेला डबा मला कधी आवडला नाही. आवाज स्वच्छ, मोजून-मापून, पण दवाखान्यातल्या भिंतीसारखा. परदेशी ट्रान्सफॉर्मरचा चांगला वाजायचा, वरच्या सुरांना त्याला धार यायची. आमचा जरा खालच्या अंगाचा. हळू वाजवलेला सूर तो खाऊन टाकायचा, पण जोरात वाजवला की त्याला जी खरखर यायची ती बाकी कुणाला येत नव्हती. ती माझ्या तारेची होती. मला ती लांबून ओळखू यायची, जशी आपली भाकरी दुसऱ्याच्या ताटातही ओळखू येते.

सात वर्षं हे नीट चाललं. मग साहेबांकडे बाहेरगावचे पाहुणे यायला लागले, आणि साहेबांनी मला सांगितलं की पाहुणे आले की तुमच्या गुंडाळायच्या यंत्रावर फडकं टाकत जा, धूळ बसते. मी टाकत गेले. मला वाटलं, माणसाला यंत्राची काळजी आहे.

एकदा पुण्याहून एक पाहुणा आला. तिशीतला, केसांचा बुचडा बांधलेला, बोलायला गोड आणि नम्र. त्यानं उघडा डबा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, हे ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळतं? मी मान वर केली. खोटं कशाला सांगू, मी पदरही सारखा केला.

साहेब म्हणाले, "जर्मन आहेत. एका टेलिफोन कंपनीचा जुना साठा. आता मिळत नाहीत."

पाहुण्यानं माझ्याकडे बघून हात जोडले आणि अदबीनं विचारलं, आणि या?

"या पॅकिंगला असतात."

माझ्या दोन बोटांत तेव्हा सकाळच्या तारेचा तुकडा होता. तो मी बोटाला इतका गुंडाळला की बोट निळं पडलं. फडकं धुळीसाठी नव्हतं हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी धुळीवर विश्वास ठेवला होता.

संध्याकाळी पाहुणा गेल्यावर मी विचारलं, साहेब, जर्मन कधी आले? ते हसले. रागावले असते तर कदाचित मी विसरले असते, पण ते हसले.

"बाई, धंद्यात असं बोलावं लागतं. पडेगावच्या बाईनं गुंडाळलेत म्हटलं तर कोण हात लावील?"

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पडेगावला जायला मला दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या. त्या दिवशी कुठून कशी गेले ते आठवत नाही. घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, पगार वेळेवर मिळतोय ना, मग जर्मन म्हणू द्या नाहीतर जपानी. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. प्रश्न पगाराचा नव्हता. माझ्या हातची वस्तू वाखाणली जात होती आणि मीच तिथं नव्हते. आयत्या बिळावर नागोबा बसतो ते ठीक. पण हा नागोबा बीळ परदेशातून मागवलंय म्हणून सांगत होता. मला एकच हवं होतं. ज्या पाहुण्यासमोर त्यांनी मला पॅकिंगला बसवलं, त्याच्याचसमोर त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

संधी त्यांनीच आणून दिली. त्या पाहुण्याला आणि त्याच्या दोघा मित्रांना बोलावून साहेबांनी मोठी तुलना ठेवली. तीन डबे, तिन्हींवर पुठ्ठा, कुठला कुणाचा ते कळू द्यायचं नाही. एक परदेशी, एक चिपचा, एक आमचा. ऐकणाऱ्यांनी निवड करायची. आमचाच निवडतील अशी त्यांना खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. त्यांनी मला सांगितलं, बाई, या खेपेला अगदी जीव ओतून एक जोडी करा. मी म्हटलं, करते.

जीव ओतूनच केली. घरी यंत्र नव्हतं, म्हणून शेडमध्येच, दुपारी ते जेवायला गेले तेव्हा. जोडतार घेतली नाही. दोन अर्धे वेगवेगळे गुंडाळले, आधी आतला, मग त्याच्यावर बाहेरचा. आतल्याला दोनशे ऐंशी वेढे दिले. बाहेरच्यालाही दोनशे ऐंशी झाले, आणि मी हँडल थांबवलं नाही. एकेक वेढा मी त्यांच्या एकेका शब्दाला दिला. पडेगावच्या, बाईनं, गुंडाळलेत. अकरापर्यंत गेले. अकरा का, बारा का नाही, याला कारण नाही. बोट दुखायला लागलं. दुसरा ट्रान्सफॉर्मरही तसाच केला.

वार्निश वाळलं नाही असं सांगून मी जोडी त्यांना तुलनेच्या दिवशी सकाळीच दिली. बोर्डावर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून थोडी शिट्टी मारता येते, पण अकरा वेढ्यांची त्यानं मरत नाही. साहेबांनी घाईत जोडी बसवली, वाजवून बघितली. कूलर चालू होता. उन्हाळ्यातला आमचा कूलर म्हणजे पिठाची गिरणी, त्यात शिट्टी कुठली ऐकू यायला? ते म्हणाले, झकास.

पाहुणे आले. चाचा पेटीला बसले. माझ्या यंत्रावर फडकं होतं आणि मी कोपऱ्यात खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. त्या दिवशी मी पॅकिंगचंच काम मुद्दाम काढलं होतं.

कूलर बंद केला. पहिला डबा परदेशी. चाचांनी सुरावट वाजवली, स्वच्छ आणि धारदार आली, पाहुण्यानं वहीत काही लिहिलं. दुसरा चिपचा. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. मग तिसऱ्यात वायर खोचली, आणि चाचांनी पेटीला हात लावायच्या आधीच शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसारखी, थांबायचं नाव नाही. साहेबांनी मान वळवली. वायर हलवली. पुठ्ठ्याखाली बोट घालून तो स्क्रू फिरवला. शिट्टी जरा कमी झाली, पण गेली नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला कोपऱ्यातून दिसत होत्या. मी चिकटपट्टी दातांनी तोडली. सात वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चाचा मात्र हात मांडीवर ठेवून ऐकत बसले होते. मग त्यांनी पेटीवर एक सूर धरला, हळूहळू वर-खाली केला, आणि त्या शिट्टीला नेऊन मिळवला. मग तिथून निघून पुन्हा फिरून तिथंच आले. घंटा फुटत होत्या, परात थरथरत होती, आणि या सगळ्याच्या मागं तो एक बारीक सूर जागचा हलत नव्हता. साहेब डबा बंद करायला वाकले तसे चाचा बोलले.

"इसकू हात नक्को लगाव. ये पीछे बैठ के सूर देरा. बाकी दोनों अच्छे हैं, मगर अकेले हैं."

पाहुण्यानं वही खाली ठेवली. त्यानं खिशातून छोटा रेकॉर्डर काढला आणि चाचांना पुन्हा वाजवायला सांगितलं. विमान गेलं, ते जाईपर्यंत थांबले, मग आणखी एकदा वाजवलं. त्यानंतर तिघं एकाच वेळी बोलायला लागले. जगात सगळे या शिट्टीला दोष म्हणतात, तिला मारायला जिवाचं रान करतात, आणि इथं ती तंबोऱ्यासारखी वाजते, असं पाहुणा म्हणाला. हे तुम्हाला कसं सुचलं, असं त्यानं साहेबांना विचारलं.

करायला गेले गणपती, झाला मारुती. तोही माझ्या हातचा. साहेब एक घोट पाणी प्याले, आणि विक्रीतला माणूस पुन्हा जागेवर आला. म्हणाले, जुन्या जर्मन तारेचा स्वभाव आहे तो, आम्ही फक्त वाट दिली. पाहुण्यानं तिथल्या तिथं असेच वीस डबे सांगितले. अगदी असेच, या सुरासकट. नमुन्याचा डबा साहेबांनी ठेवून घेतला.

त्या दिवशी घरी आले आणि मोरीत बसून रडले. रागानं रडले, दुःखानं नव्हे, त्यात फरक असतो. मी ज्याचं नाक कापायला गेले त्याला माझ्याच हातानं तोरण बांधून आले होते.

पण दुसऱ्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की वीस डबे करणार कोण? आणि मला हसू आलं.

साहेबांनी सांगितलं, बाई, तशाच वीस जोड्या करा. मी केल्या. जोडतारेनं, वेढ्याला वेढा, सात वर्षं करत होते तशा. डबे पुण्याला गेले आणि परत आले. पाहुण्यानं आपल्या रेकॉर्डिंगशी लावून बघितलं होतं. डबे सुंदर आहेत, पण गप्प आहेत, मागचा सूर कुठं गेला, असं त्यानं कळवलं. साहेब माझ्या टेबलाशी आले.

"त्या दिवशीच्या जोडीत काही वेगळं केलं होतं का?"

"नाय साहेब. रोजच्यासारखंच केलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हँडल फिरवत राहिले. माझ्यावर संशय घ्यायला आधी माझ्या हाताला काही येतं हे मान्य करावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमलं नाही. ते आपल्या टेबलाशी गेले, नमुन्याच्या डब्यातून ट्रान्सफॉर्मर उपसून काढला आणि मीटर घेऊन बसले. दोन्ही अर्ध्यांचे ओहम मोजले. बाहेरच्या अर्ध्याचे बरेच जास्त भरले. त्यांनी कागदावर भागाकार-गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या हिशेबानं एका बाजूला पन्नासेक वेढे जास्त होते.

मी चार हातांवर बसले होते. वाइंडिंगच्या खात्यात पहिल्या आठवड्यात आलेल्या मुलीलाही ही चूक सांगता आली असती. फेटा बांधताना आतल्या फेऱ्याला कापड कमी लागतं, बाहेरच्याला जास्त. तारेचंही तेच. वेढे सारखे असले तरी वरच्या थराला तार जास्त जाते, आणि जास्त तार म्हणजे जास्त ओहम. त्यांच्या पन्नासातले अकरा माझे होते, बाकीचे नुसते जाडीचे. वेढे मोजायची दुसरी रीत असते, पण ती त्यांना ठाऊक नव्हती आणि त्यांनी मला विचारलं नाही. जीभ वळवळत होती. मी ती दातांखाली धरली. त्यांनी माझ्यादेखत फोनवर पुण्याच्या एका वाइंडिंगवाल्याला आकडा सांगितला, आणि मी शांतपणे डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली.

पुण्याहून जोड्या आल्या. शनिवारी चाचांनी एक वाजवली आणि पेटीचा भाता सोडून दिला. म्हणाले, ये तो कुकर है. साहेबांनी पुन्हा नमुना काढला, सोल्डर करताना मधली तार ओढली गेली आणि तुटली. केसासारखी तार, ती आतून तुटली की ट्रान्सफॉर्मर मेला. आता तो सूर पुण्याच्या रेकॉर्डरमध्ये होता आणि माझ्या बोटांत. पाहुण्यानं आठ दिवसांची मुदत दिली. त्यानंतर ऑर्डर रद्द, आणि तुमचे डबे नशिबानं जमतात, असं सगळीकडे सांगणं भाग पडेल, असंही तो नम्रपणेच म्हणाला.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, साहेब पडेगावला आमच्या घरी आले. सात वर्षांत पहिल्यांदा. वेरूळला निघालेल्या गाड्यांच्या गर्दीत अडकले होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मालकांनी खुर्ची दिली. साहेब बराच वेळ उन्हाळ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, बाई, तुम्हाला काहीतरी माहीत आहे.

"हाय ना."

"काय पाहिजे ते सांगा. पगार वाढवतो."

"पगार नको. पुण्याला फोन लावा. माझ्यासमोर लावा. जर्मन नव्हते, या बाईच्या हातचे आहेत, एवढं सांगा."

त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक वर्तमानपत्र वाचत होते, निदान धरून तरी होते. साहेब म्हणाले, त्यानं असा काय फरक पडणार आहे? मी म्हटलं, मला पडतो. त्यांनी फोन काढला.

फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. साहेबांनी सांगितलं. विक्रीतला माणूस, पण त्या दिवशी त्यांना एक वाक्य सरळ येईना. जर्मन साठा वगैरे नव्हता, ते आपलं बोलायचं म्हणून, आमच्या बाई आहेत, त्या गुंडाळतात, पहिल्यापासून त्याच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. याच क्षणासाठी मी चार महिने झुरले होते.

पलीकडून पाहुणा हसला. म्हणाला, सर, साठा संपला असेल तर तसं सरळ सांगा, त्यासाठी बाईंना कशाला पुढं करता? आणि त्याच गुंडाळत असतील तर त्यांनी केलेल्या वीस जोड्या गप्प का निघाल्या?

साहेबांनी शपथ घेतली. पाहुण्यानं पुन्हा तेच विचारलं. खोटं इतकं नीट बसलं होतं की खरं आता त्याला सबब वाटत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत पहिल्यांदा विनवणी होती, आणि ती बघूनही मला सुख झालं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला एकटीला येत होतं. ते दिलं तर तो सूर माझा ठरत होता. आणि ते दिलं तर सात वर्षांच्या कामात मी एकदा मुद्दाम घाण केली होती हेही ठरत होतं. वाइंडरच्या तोंडून याच्यापेक्षा वाईट कबुली नाही. आमच्या खात्यात चुकून एक वेढा कमी झाला तरी बायका घरी जाऊन जेवायच्या नाहीत.

मी फोन हातात घेतला.

"त्या दिवशीची जोडी मी बिघडवली होती. बाहेरच्या अर्ध्याला अकरा वेढे जास्त घातले. शिट्टी वाजावी आणि साहेबांची तुमच्यासमोर फजिती व्हावी म्हणून घातले. वीस जोड्या नीट केल्या, म्हणून त्या गप्प आहेत. अकरा घाला, सूर येईल. पण दोन्ही तारा वेगळ्या गुंडाळा, आणि ओहम मोजून आकडा काढू नका. त्यानं चुकतं."

मालकांनी वर्तमानपत्र खाली केलं. साहेब खुर्चीत मागं टेकले. अकरा हा आकडा आता सगळ्यांचा झाला होता. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मग पाहुण्यानं विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं. आडनाव दोनदा सांगितलं, कारण तो लिहून घेत होता. साहेब समोर मान खाली घालून बसले होते, आणि सात वर्षांत त्यांनी कधी न उच्चारलेलं माझं नाव त्यांना शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकावं लागलं.